पाहुण्याने खिळा ठोकायचा नाही

कुडाळकरकाका दाढ काढायला गेले तेव्हाची गोष्ट. इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी त्यांना दहा मिनिटं बाहेर बसवलं. डॉक्टर बोलवायला आले, तर काका रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर. खिशातला पेनड्राइव्ह लावलेला, अर्धा जबडा बधिर, आणि त्या अर्ध्या तोंडाने रिसेप्शनिस्टला सांगताहेत, "इन्स्टॉल काही करत नाही हां. आपण पाहुणे. पाहुण्याने खिळा ठोकायचा नाही."

काका बोरिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एकटेच. एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरवर गणितं सोडवायला शिकवायचे. रिटायर झाले आणि अख्खी लॅबच त्यांनी पेनड्राइव्हवर बसवली. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, समीकरणं सोडवणारी, आलेख काढणारी सगळी हत्यारं त्यात. कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, गणित सुरू. काढून घ्या, मागे खरकटं नाही. झेरॉक्सवाला, सोसायटीचं ऑफिस, आमचं घर, काका सगळीकडे पाहुणे. चहा मात्र घ्यायचे.

आमच्याकडे रविवारी येत. स्क्रीनवर एक लालनिळी भिंत उमटे आणि काका गालाला हात लावून तिच्याकडे बघत बसत. एकदा माझ्या बायकोने, नेहाने, विचारलं, "काका, ही भिंत कोणाची?"

"आमच्या मनूची. तिकडची. उष्णता कुठून निसटते ते बघतोय. उत्तरेची खोली आहे गं, बाहेर बर्फ."

मनू त्यांची मुलगी, नोकरीसाठी परदेशात. फोनवर ते तिला भिंतीची जाडी विचारत. "बाबा, मी काय भिंत फोडून बघू?" असं ती म्हणाली, हे काका कौतुकाने सांगत. शेवटी व्हिडिओ कॉलवर दिसलेल्या खिडकीच्या चौकटीवरून त्यांनी अंदाज बांधला.

यंदा मनू आठवडाभर आली. काकांनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. कपबशा उचलायच्या आत पेनड्राइव्ह बाहेर.

"मनू, तुझ्या लॅपटॉपला लाव बघू."

"बाबा, ऑफिसचा आहे. बाहेरचं काही लावता येत नाही त्याला."

"इन्स्टॉल काही नाही गं."

"तरी नाही चालत. आणि आता हे सगळं ऑनलाइन होतं ना रे."

"हां, तेही खरं," काका म्हणाले, आणि नेहाला विचारलं, साखर बरोबर आहे ना.

मनू गेली त्यानंतरच्या रविवारी काका आले नाहीत. संध्याकाळी खाली बाकावर दिसले, म्हणून मी शेजारी जाऊन बसलो. ते पार्किंगकडे बघत होते.

"तिच्याकडे राहायला गेलो, तर तिच्या मशीनमध्ये माझी ढवळाढवळ नको," ते आपणहून म्हणाले. "म्हणून हे सगळं करून ठेवलं होतं. आपलं आपल्याजवळ. तिला त्रास नाही."

"मग जा ना काका. तिकीट मी काढून देतो."

"तिने बोलवायला हवं ना रे." मग लगेच तिची बाजू घेत म्हणाले, "घर लहान आहे तिचं."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"तसं दोघांना पुरेल," ते म्हणाले. "मी गणित मांडून बघितलंय."