उजवीकडची चार बोटं

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी भिकन पेंटरचं नाव काढलं की मी ठोकाठोक सुरू करायचो. आता नेम चुकतो, खिळे वाकडे जातात, म्हणून सांगतो.

धुळ्यात माझं फ्रेमचं दुकान, शेजारी भिकनचं. वारलेल्या माणसांच्या फोटोंवरून तो तैलचित्रं काढी. लोक टोपीवाले आजोबा देऊन जात, आणि परत न्यायला यावं तर काळ्याकुट्ट अंधारातून एखादा स्पॅनिश सरदार डोकावतोय! "आमच्या घरी लाइट होती हो," एक बाई कळवळून म्हणाल्या. भिकन शांत. "सगळं काम अंधार करस, अक्का. रंग नुसता हजेरी लावस."

ही शिकवण स्पेनच्या आबांची. रद्दीत भिकनला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका स्पॅनिश चित्रकाराचं इंग्रजी चरित्र मिळालं होतं. नाव होतं तेवढं वाळवीनं खाल्लेलं, म्हणून नुसते 'आबा'. एका मास्तरांकडून त्यानं ते वाचून घेतलं आणि आबा घरचेच झाले. "आबा शिष्यवृत्तीवर रोमले गयात!" हे तो सख्खा चुलताच रोमला जाऊन आल्यासारखं सांगे. आबांना पदकं मिळाली, ते प्रोफेसर झाले. मग लोकांची आवड बदलली आणि त्यांची भिंतीएवढी चित्रं गुंडाळून तळघरात गेली. इथे भिकनचा आवाज सुतकी होई.

त्याची लाडकी गोष्ट वेगळीच. चित्रात राजा मरो की राणी, आबा गर्दीच्या कोपऱ्यात, अंधारात, आपला एक दोस्त उभा करत.

एकदा भिकननंही तसंच मोठं चित्र काढायला घेतलं. "धुळ्यात मरायला राजा कुठला?" मी विचारलं.

"धोंडूअण्णा शे ना!"

चहावाले धोंडूअण्णा ठणठणीत होते. रोज दुपारी ते बाकावर मरून पडत, आणि मधेच उठून ओरडत, "दूध उतू गयं रे!" भोवती शोकाकुल गिऱ्हाइकं.

चित्र जळगावच्या प्रदर्शनाला जायचं होतं. आदल्या दिवशी फ्रेमची पट्टी चार बोटं कमी पडली. नवी आणायला वेळ नव्हता. उजव्या कडेला नुसता अंधारच होता. मी कॅनव्हास कापला. त्याला विचारलं नाही.

प्रदर्शनात भिकन त्या कडेशी बराच वेळ उभा राहिला. फ्रेमवरून बोट फिरवलं. म्हणाला, "फ्रेम चांगली शे, मोहनभाऊ."

दुकानात परतल्यावर मी कॅनव्हासची ती कापलेली पट्टी उन्हात धरली. अंधारात एक चष्मा होता. हातात हातोडी, दातांत दोन खिळे. मी.

त्यानंतरही भिकनच्या तोंडी आबा रोमला गेले, पदकं आणली, सगळं पूर्वीसारखंच. फक्त कोपऱ्यातल्या दोस्ताची गोष्ट भिकननं पुन्हा कधी सांगितली नाही. तो दुकानात आला की मी तोंड उघडायचो आणि चहा सांगायचो.

गेल्या वर्षी त्याचा मुलगा बापाचाच फोटो, हार घालायचा म्हणून, फ्रेमला घेऊन आला. मी चारही बाजूंनी जागा सोडली, जरा जास्तच. पट्टी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

भिकन, त्या अंधारात मी होतो रे. मलाच दिसलो नाही. एवढंच म्हणायचं होतं.