अप्पांच्या विमानाचा आवाज

विमानात चप्पल बाहेर काढून बसणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमचे दिगंबरअप्पा. लिंबाखाली चप्पल ठेवायची, विमानाच्या कापडी पंखावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायची, अन् ‘जल्दी काहून करायची?’ असं स्वतःलाच म्हणत आत चढायचं.

वाटूरजवळ त्यांची मोसंबीची बाग अन् माझं कोंबड्यांचं शेड, मधे फक्त बांध. अप्पा तरुणपणी शहरात विमान चालवायला शिकले होते. पुढं तो क्लब बंद पडला. लोकांनी तिथल्या खुर्च्या-टेबलं उचलली, अप्पांनी दोन माणसांचं जुनं विमान घेतलं. बागेशेजारची पट्टी सपाट केली, रीतसर परवानग्या काढल्या. आता आमच्याकडं नवी गाडी राजूरच्या गणपतीला दाखवल्याबिगर कोणी चालवत नाही. अप्पांनी विमानाचे पंख सोडवले, ट्रॉलीवर चढवलं अन् नेलं राजूरला. पुजाऱ्यानं बिचाऱ्यानं तोंडावरच्या पंख्याला लिंबू-मिरची बांधून दिली. घरी येऊन इंजिन चालू केलं, तर ते लिंबू जे गेलं ते अजून सापडलेलं नाही.

विमान तरी कसलं म्हणता! समोरून वारा असला की खालच्या रस्त्यानं एसटी पुढं निघून जायची. पण अप्पांना विचारा. “सकाळच्या पारी वर गेलं ना, तर ओल्या रानाचा वास वरपर्यंत येतो. खिडकी उघडी ठेवायची बिलकुल. बांधावरून भांडणारे लोक वरून लई बारीक दिसतात.”

इथवर सगळं कौतुकाचंच होतं. पण मागच्या वर्षी अप्पांनी विमानाचा सायलेन्सर काढून टाकला अन् माझ्या कोंबड्यांची दैना झाली. विमान वर गेलं की सगळ्या एका कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगावर. अंडी घटली. मी सांगून पाहिलं, तर अप्पा म्हणाले, “इंजिनाला मोकळा श्वास लागतो रे.” शेवटी माझं डोकं फिरलं. बांधावरूनच सुनावलं, “अप्पा, सायलेन्सर बसवा, न्हाईतर तक्रार करून हे उडणंच बंद करतो.”

अप्पांचा चेहरा उतरला. म्हणाले, “कर बाबा तक्रार. पण आधी एकदा संगं बस.”

बसलो, चप्पल काढून. चाकं सुटली अन् मी सीटची कड घट्ट धरली. पण खाली पाहिलं अन् भीती कुठल्या कुठं पळाली. मोसंबीच्या रांगा वेणी घातल्यासारख्या, माझं शेड काडेपेटीएवढं, तोंडावर गार वारा. पन्नाशीचा मी, एकटाच खुदूखुदू हसत होतो. “अप्पा, जांब गावापर्यंत जाऊ!” मी ओरडलो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बागेभोवतीच घिरट्या घालत राहिले अन् मंग खाली बोट दाखवलं.

घराच्या गच्चीवर अप्पांच्या मंडळी, सुमनकाकू उभ्या होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेलीय, हे मला ठाऊक होतं. तरी आम्ही उगवतीला वळलो की काकूंचं तोंड उगवतीला, मावळतीला वळलो की मावळतीला.

विमान खाली उतरल्यावर अप्पा जागेवरच बसून राहिले. “आधी ती बघत राह्यची. एकदा जांबला गेल्तो, दिसेनासा झालो, तर मी येईस्तोवर हिनं पाण्याचा घोट घेतला न्हाई. डोळे गेले तवा मी म्हणलं, आता विमान बंद. तीच म्हणली, तुम्ही उडा, मला निस्तं ऐकू येऊ द्या. मंग काढला सायलेन्सर. आवाज जिथवर जातो, तिथवरच जातो मी.”

“मला आधी सांगायचं ना, अप्पा.”

“बायकोचं कौतुक काय गावभर सांगायचं?” म्हणाले अन् चप्पल शोधायला लागले. मला स्वतःचीच लाज वाटली.

चहाला घरात गेलो. काकू भिंतीला हात लावत खाली आल्या. “आज कोणी संगं होतं ना? आवाज जड येत होता.”

“मी होतो काकू, मुरली.”

“बरं झालं आलास. तुझ्या कोंबड्या भेतात म्हणं आवाजाला? खरं सांग. मी ह्यांना सायलेन्सर बसवायला लावते. माझं काय, राहीन तशीच.”

अप्पांनी कपातून मान वर काढली नाही.

“भेत होत्या काकू,” मी म्हणालो. “आता त्यांना आवाजाबिगर करमत न्हाई.”