तिसरी खुर्ची

निमकर मॅडमच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. एक त्यांची, एक विद्यार्थ्याची. तिसरीवर बसायची कुणालाच परवानगी नाही.

जर्मनीत कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात त्या लेखन शिकवतात. रसायनवाले, यंत्रवाले, वास्तुकलावाले, सगळे आपापले प्रबंध घेऊन त्यांच्याकडे येतात. मी त्यांचा विद्यार्थी, हे हल्ली मी माझ्या नावाच्याही आधी सांगतो.

मॅडम कागद हातात धरत नाहीत. "आल्झो, तर मग, ठेव ते बाजूला. यांना सांग," म्हणून रिकाम्या तिसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवतात. तिथे कोण बसलंय, हे त्याच ठरवतात. वास्तुकलेच्या मुलीसाठी गवंडी. जीवशास्त्राच्या एका जर्मन मुलासाठी चक्क बेडूक. "प्रयोग याच्यावर केलास ना? मग का केलास, ते यालाच सांग." पोरगा घामाघूम झाला, पण प्रबंध सुरेख लिहिला.

मी वाशीमचा, घरातला पहिला पदवीधर. अवघड लिहिलं की हुशार वाटतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पाणी गाळणाऱ्या पडद्यांवरचं माझं पहिलं प्रकरण माझ्या मार्गदर्शक प्रोफेसरांनी दोनदा परत केलं होतं. पुन्हा परत आलं असतं, तर विद्यापीठातल्या नोकरीचा करार गेला असता आणि मागोमाग मीही, परत वाशीमला.

मॅडमनी माझ्यासाठी खुर्चीवर आईला बसवलं. "आधी नमस्कार कर." केला. मग सांगू लागलो.

"खुर्चीला नाही कळलं. पुन्हा."

"मॅडम, आई चौथी शिकलीय."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि जन्मभर पाणी गाळतेय. तिची अक्कल काढू नकोस, तुझी चार वाक्यं काढ."

संध्याकाळपर्यंत मी खुर्चीला पाणी गाळून दाखवत होतो. ते प्रकरण प्रोफेसरांनी पेनाचं टोपण न काढता वाचलं.

परवा पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. इथल्या रीतीप्रमाणे प्रयोगशाळेतल्या मित्रांनी पुठ्ठ्याची टोपी करून माझ्या डोक्यावर चढवली. पुढे नळ, शेंड्यावर इवलीशी खुर्ची. आईला फोनवर सगळं संशोधन सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच होय? मग इतकी वर्षं काय करत होतास?" मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

टोपी घालूनच मॅडमना पेढे द्यायला गेलो. दार अर्धवट उघडं होतं. त्या तिसऱ्या खुर्चीशी बोलत होत्या.

"मुक्ता, दिवाळीला ये. म्हणजे, सुट्टी असेल तर. नसली तरी चालेल. मी असतेच कामात." थांबल्या. "नाही कळलं. पुन्हा."

मुक्ता त्यांची मुलगी, म्युनिकला असते. तिला मराठी कळतं. उत्तर जर्मनमध्ये देते, तेही तुटक.

मला पाहून मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांचं लिहिणं सरळ करते रे. हे एवढं एक जमत नाही."

मी आत गेलो आणि टोपीसकट त्या खुर्चीवर बसलो.

"सांगा."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुक्ता, घर फार रिकामं वाटतं गं. ये."

"खुर्चीला कळलं," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला.