ठेक्याची अदलाबदल

लढाईच्या पाचव्या आठवड्यात शत्रूने दुर्गवाडी पलटणीचा ठेका पळवून नेला. ढोल मात्र जागेवरच ठेवला. सकाळी हवालदार भिकोबा गुरवाने टिपरू उचलून ढोलावर हाणले, तर गादीवर बुक्की मारल्यासारखा आवाज आला. पुन्हा हाणले. तेच.

भिकोबाने रीतसर अर्ज केला, ‘पलटणीचा ठेका गेला आहे.’ छावणीच्या कचेरीतून तासाभरात उत्तर आले, ‘ठेका कोणाला गेला ते नाव कळवावे. नवा ठेकेदार नेमेपर्यंत घोड्यांना गवत जुन्याकडूनच घ्यावे.’ भिकोबाने कपाळाला हात लावला. कचेरीतली माणसे वाईट नव्हती, पण त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ढोल वाजवला नव्हता.

इकडे वेळ जात होता. नदीपलीकडच्या टेकडीवर एकेचाळीस शिपाई होते, आणि परतीचा ठेका ऐकल्याशिवाय खाली उतरायचे नाही असा पलटणीचा नियम होता. दुपारी शत्रू टेकडीवर चढणार हे स्वयंपाक्यालासुद्धा ठाऊक होते. त्या एकेचाळिसांत भिकोबाचा धाकटा भाऊ महिपती होता. तो नियमाचा इतका पक्का की आगीत उभा राहील, पण हुकमाशिवाय हलायचा नाही. भिकोबाला त्याचा फार अभिमान होता. आज पहिल्यांदाच रागही आला.

त्याने काठीला पांढरे फडके बांधले आणि सरळ शत्रूच्या छावणीत गेला. तिथले कैद्यांच्या अदलाबदलीचे कारभारी चौबळ पान लावत बसले होते.

“ठेका आमच्याकडेच आहे,” ते म्हणाले. “आमचा झिजला होता. हा परत दिला तर आमची पलटण चालायची कशावर?”

“बदली घ्या. माझ्या काळजाचे ठोके देतो.”

चौबळांनी पान खाली ठेवले. “किती वर्षांचे?”

“बेचाळीस.”

“मध्ये कधी चुकलेत?”

“एकदा. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा.”

“ते चालतं,” चौबळ म्हणाले.

भिकोबा ठेका घेऊन परतला. छाती गप्प झाली होती, पण चालायला काही अडचण नव्हती.

नदीवरच्या होड्यांच्या पुलापाशी त्याने ढोल गळ्यात अडकवला, तेवढ्यात टेकडीच्या बगलेने शत्रूची पलटण चढू लागली. ती त्याच्याच ठोक्यांवर पावले टाकत होती. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले: हात जेवढे भरभर चालतील तेवढे आपले शिपाई लवकर उतरतील, पण आपला जीव जरा जरी घाबरला तर तिकडे दिलेले ठोके वाढतील आणि शत्रू आधी पोचेल.

दुसरा कुणी असता तर गांगरला असता. हा पडला गुरव. आरतीला एका हाताने संथ घंटा आणि दुसऱ्या हाताने द्रुत नगारा, ही सवय त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. त्याने हात सोडले आणि मन आवरले. शिपाई भराभर उतरू लागले. शत्रू हवापालटाला आल्यासारखा चढत होता.

चाळीसजण पूल ओलांडून आले. महिपती दिसेना. भिकोबाने टाचा उंचावून टेकडीकडे पाहिले, आणि शत्रूची पहिली रांग दुडक्या चालीने निघाली.

“भिकोबा, काळीज सांभाळा!” सौदा ठाऊक असलेले पलटणीचे सुभेदार ओरडले.

भिकोबाने वालाची उसळ कशी करतात ते मनातल्या मनात पहिल्यापासून म्हटले. वाल भिजत घालण्यापर्यंत पोचला तोच रांग मंदावली.

अखेर महिपती आला, लंगडत. मागे कुणी राहिले नाही याची खात्री करत बसला होता. पूल ओलांडून तो थेट भावाकडे निघाला.

“तिथंच थांब,” भिकोबा नजर फिरवून म्हणाला. “आधी पूल सुटू दे.”

“दादा, मी आलो त्याचा आनंद नाही झाला तुला?”

“अजून होऊ दिला नाही.”

शिपायांनी दोर तोडले. होड्या प्रवाहाला लागल्या. भिकोबाने ढोल उतरवला, महिपतीला कडकडून मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडला.

पलीकडच्या काठाशी येऊन पोचलेली शत्रूची सगळी पलटण, कवायतीची शिस्त न मोडता, जागच्या जागी धावू लागली.