उपदेशाप्रमाणे वागणारी माणसं

शनिवारची दुपार टळली तरी पाळकसाहेबांचा झगा शिंपीणबाईंच्या दुकानातच होता, आणि रविवारी बिशपसाहेब पहिल्यांदाच त्यांच्या देवळात उपासनेला येणार होते. काम तरी केवढं? पायरीवर टाच अडकून झग्याची खालची दुमड वीतभर उसवली होती. सोमवारी दिलेला झगा बुधवारी मिळायचा होता.

"तू जाऊन बघतेस का जरा?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी नाही बाई. गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना? देवाने दिलेलं कसब पुरून ठेवू नका, देवच गिऱ्हाईक म्हणून दारात उभा आहे असं समजून काम करा. भोगा आता!"

बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. मंगळवारी पाववाल्याने पाव दिलाच नाही. मनासारखा फुगला नाही म्हणून त्याने अख्खी भट्टी कोंबड्यांना घातली. टपकणारा नळ बघायला आलेल्या नळवाल्याने, पाइप आतून गंजलाय म्हणत, स्वयंपाकघराची भिंत उकरली. न्हाव्याने दीड तास खुर्चीत डांबून दोन्ही कल्ले सारखे करता करता पार कानांच्या वर नेले. आणि वर तिघेही कसे प्रसन्न! उपदेश ऐका म्हटलं होतं, माझा छळ मांडा असं कोण म्हणालं होतं? पाळकसाहेब तणतणत दुकानात शिरले.

टेबलावर झग्याचे अकरा तुकडे पसरले होते.

"बाई! दुमड घालायला दिला होता, शवविच्छेदनाला नाही!"

"ओरडू नका, पाळकसाहेब. उलटा करून बघितला तर अस्तराची शिवण ही अशी वाकडी."

"कुठल्या गाढवाने शिवला होता?"

"मीच. सहा वर्षं झाली. तेव्हा वाटलं, आतून कोण बघतंय! रविवारी तुम्ही म्हणालात, आतलं बघणारा एकजण आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला."

"अहो, पण ते बोलण्यापुरतं असतं!"

तोंडातून गेलं खरं. शिंपीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. पाळकसाहेबांनी घाईघाईने सारवासारव केली, "म्हणजे, हळूहळू अंगी बाणवायचं असतं. उद्या बिशपसाहेब माझ्याकडे बघणार आहेत, अस्तराकडे नाही!"

"उद्या साडेआठला झगा घरी येईल. नऊची उपासना चुकणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी खणातून एक घडी घातलेला कागद काढला. "हा आतल्या खिशात होता."

गेल्या रविवारच्या उपदेशाचाच कागद होता तो. समासात, पाळकसाहेबांच्याच अक्षरात, तो उपदेश ज्या ज्या रविवारी दिला त्या चार तारखा होत्या. सर्वांत जुनी तारीख पाच वर्षांपूर्वीची.

"वाचला नाही हं मी. तारखा तेवढ्या दिसल्या," बाई म्हणाल्या. "आधीच्या तिन्ही वेळा पुढच्याच बाकावर बसले होते मी. तेव्हा कसा ऐकू आला नाही कोण जाणे. उद्या कुठला देणार?"

पाळकसाहेबांचा संताप जागच्या जागी विरला. उद्याचाही त्यांनी त्याच कपाटातून काढून ठेवला होता, दोन तारखांचा. ते तडक घरी आले, खोलीचं दार लावून घेतलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

रविवारी साडेआठच्या ठोक्याला झगा आला. बिशपसाहेबही आले, मंडळी जमली, नऊ वाजले, सव्वानऊ झाले. शेवटी बायको धावत घरी आली आणि तिने खोलीचं दार बडवलं.

"अहो, सगळे खोळंबलेत! बिशपसाहेब तीनदा घड्याळ बघून झाले!"

"बघू देत!" आतून पाळकसाहेब कडाडले. "इथे शेवटचा परिच्छेद मनासारखा उतरत नाहीये, आणि तुम्हाला घाई सुचतेय!"