युसूफ मिस्त्रींचे सात रविवार

युसूफ मिस्त्रींनी मला फसवलं. सात रविवार फसवलं, माझ्या तोंडावर, माझ्या पोरीसमोर. मी भाव पाडल्याच्या आनंदात होते म्हणून मला ते कळलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण मला ओळखणारी माणसं पुढचं वाचून म्हणतील की बाई नरमली. मी नरमलेली नाही. शिरपूर आणि शेलूबाजारच्या आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून स्टीलच्या वाट्या विकत मी सुरुवात केली. आज वाशीममध्ये माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे. ठोक व्यापारी माझ्याशी बोलायच्या आधी पाणी पितात. अशा बाईला एका म्हाताऱ्या बूटवाल्याने गुंडाळलं, तर ते चारचौघांना कळलं पाहिजे.

युसूफ मिस्त्री माणसाशी बोलत नाहीत, पायाशी बोलतात. गिऱ्हाईक दारात आलं की त्यांची मान खालीच राहते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी माझं नाव, दुकान, सगळं सांगितलं. ते माझ्या चपलांकडे बघत होते.

"बाई, तुमी लय भांडता," ते म्हणाले.

"कोणी सांगतलं तुमाले?"

"चप्पल सांगते. बाहेरच्या काठानं झिजली. हा भांडायले निघालेला पाय हाय."

मी उठूनच जाणार होते. पण गरज माझी होती.

माझी मुलगी तन्वी दहा वर्षांची आहे आणि ती फिगर स्केटिंग करते. टीव्हीवर बर्फावर गिरक्या घेणाऱ्या मुली दिसतात, तेच हे. वाशीममध्ये बर्फ फक्त रसवंतीत असतो, म्हणून आमच्याकडे ते चाकांवर चालतं. एका मंगल कार्यालयाच्या फरशीवर सकाळी सहाला क्लास भरतो आणि लग्नाची तारीख असली की बंद राहतो. त्याचा बूट वेगळा असतो. घोट्याच्या वरपर्यंत जाड चामड्याचा, आणि तळाला चाकांची पट्टी स्क्रूने बसवलेली.

तन्वीचा पाय लांब आणि अरुंद. बुटाची लांबी जुळली की टाच आत खेळते, टाच जुळली की बोटं दुमडतात. दोन जोड मी घरबसल्या मागवले आणि दोन्ही परत केले. नागपूरच्या एका दुकानदाराने बुटात कापूस कोंबला आणि म्हणाला, वाढता पाय आहे, होईल बरोबर. मी त्याला तिथेच ऐकवलं, "कापूसच पायजे असता तर गादी नसती का घेतली?" तरी शेवटी तोच जोड घेऊन आले, कारण दुसरा नव्हता.

त्या बुटात तन्वी महिनाभर खेळली. ती तक्रार करणारी पोर नाही. एक दिवस गादीखाली तिचे मोजे सापडले, टाचेला रक्त लागून वाळलेले. क्लासच्या सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "ताई, टाच उचलली जाते तोवर मी हिला उडी शिकवणार नाही. घोटा मोडला तर पोर जन्माची बसेल." अमरावतीची निवड स्पर्धा दहा आठवड्यांवर होती. त्यात उडी सक्तीची. उडी नाही तर नाव नाही.

माझ्या दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने मिस्त्रींचं नाव सांगितलं. तिच्या भावाला लहानपणी पोलिओ झाला होता. त्या काळी आजूबाजूच्या गावांतून अशी लेकरं मिस्त्रींकडे यायची. घोटा धरून ठेवणारा, पायाला बांधायच्या लोखंडी पट्टीला जोडायचा उंच बूट तेच करायचे. आता ते काम उरलं नाही. जुन्या बाजारामागच्या गल्लीत ते बॅगांच्या चेन बदलून देतात.

मी तन्वीला घेऊन सकाळीच गेले. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली गेली. पण माप घ्यायला तयार होईनात.

"चार वाजता आना. सकाळचा पाय खोटा राह्यते."

"पाय काय खोटा राह्यते चाचा?"

"रातभर झोपून उठते, कोनतंही माप कबूल करते. दिवसभर चालला का खरं बोलते. रविवारी आना. शाळेच्या दिवशी मोज्यात कोंडलेला राह्यते, त्याचंही काई खरं नाई."

रविवार म्हणजे माझ्या दुकानाचा सगळ्यात चांगला दिवस. तरी गेले. त्यांनी तन्वीला अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत दोन चकरा मारायला लावल्या, मग वर्तमानपत्रावर उभं केलं. टेप काढला नाही. वर्तमानपत्राची लांब पट्टी फाडली, पायाभोवती गुंडाळली आणि जिथे टोक जुळलं तिथे नखाने खाच पाडली. बोटांपाशी एक, चवड्यापाशी एक, टाचेपाशी एक, घोट्यापाशी एक.

"किती इंच भरलं?" मी विचारलं.

"इंच दर्जीले लागते. पायाले कायले पायजे इंच?" मग तन्वीच्या डाव्या पावलाला म्हणाले, "काय रे, तू जरासा लाडावला दिसतो. उजव्यापेक्षा बारीक."

तन्वी हसली. महिन्याभरात ती पायाकडे बघून हसली नव्हती.

आता माझी चूक सांगते. मिस्त्रींनी किंमत सांगितली आणि म्हणाले, दोन रविवार लागतील. मी निम्म्यावर आले. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "जमते. पन मग चार रविवार." मी आणखी खाली उतरले. "जमते. सहा." मी मनात आठवडे मोजले. स्पर्धेला वेळ होता. शेवटचा एक झटका दिला.

"सात रविवार, बाई. अन् दर रविवारी पोरगी सोबत पायजे. फिटिंगले."

मी हो म्हटलं आणि जिंकल्यासारखी घरी आले. माझ्या आजवरच्या धंद्यात असा विकणारा मी पाहिला नव्हता. भाव पाडला की माणूस चिडतो, माल हलका देतो, निदान तोंड वाकडं करतो. हा फक्त रविवार वाढवत गेला. तिथेच मला वास यायला हवा होता.

पुढचे रविवार सगळे एकसारखे गेले. चारला आम्ही पोचायचो. मिस्त्री लाकडी फर्म्यावर चढवलेला बूट काढायचे. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. तन्वीसाठी त्यांनी एक जुना फर्मा दोन्ही बाजूंनी तासून अरुंद केला होता. बूट पायात चढवून तन्वीने गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, यायचं, परत जायचं. अर्धा तास, कधी तास. मिस्त्री डोळे मिटून आवाज ऐकायचे. मग मान हलवायचे.

"टाच अजून बोलून राह्यली."

"मले तर काई ऐकू येत नाई," मी म्हणायचे.

"तुमी बोलता ना. म्हनून."

तन्वी ऐकून फुटाणे खात हसायची. फुटाण्यांची पुडी तिच्यासाठी तयार असायची, माझ्यासाठी कधी नसे. ती त्यांना गिरकी कशी घेतात ते सांगायची. ते विचारायचे, गिरकीत वजन चवड्यावर का टाचेवर, उडीतून उतरताना कोणता पाय आधी. मी स्टुलावर बसून बंद दुकानाचा विचार करत रागाने फुगायचे. दर वेळी बुटाच्या वरच्या काठाची शिलाई अर्धवट दिसायची. "एवढंच राह्यलं," ते म्हणायचे. पुढच्या रविवारी तेवढंच राहिलेलं असायचं.

सातव्या रविवारी बूट मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासमध्ये सरांनी चाकं बसवली, मग बूट घोट्यापाशी वाकवून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, हे वापरलेले बूट आहेत. नवा बूट इथे दगडासारखा असतो. मुरायला महिना जातो. हा मुरलेला आहे."

माझं डोकं फिरलं. जुना माल. कोणाच्या तरी पायातून काढलेला माल पॉलिश करून माझ्या पोरीला. बूट घेऊन मी खिडकीपाशी गेले आणि फसवलेलं गिऱ्हाईक जसं बघतं तसं बघितलं. तळ नवा होता, अस्तरही नवं. पण वरच्या काठाची शिलाईची भोकं मोठी झालेली होती. एका भोकातून सुई एकदाच जाते. इथे तोच टाका पुन्हा पुन्हा उसवून घातलेला होता.

तन्वीला क्लासमध्येच ठेवून मी तशीच मिस्त्रींच्या गल्लीत गेले. शेजारचा सायकलवाला दुकान उघडत होता, तो माझा चेहरा बघून आत गेला.

"चाचा, हे जुने बूट कोनाचे हाय?"

"तुमच्या पोरीचे."

"अन् जुने कोनं केले?"

"तिनंच. चालून चालून."

"झाले कधी होते? खरं सांगा."

ते चेनचा दात बसवत होते. "तिसऱ्या रविवारी," ते म्हणाले.

"मग शिलाई काहून उसवत होते?"

"बूट मुरायचा होता. चाकं लावल्यावर मुरवला असता तर टाच सोलली असती."

"तसं सांगायचं मले."

"सांगतलं असतं," मिस्त्री म्हणाले, "तर तुमी घरी नेऊन मुरवला असता."

मी भांडायला गेले होते. शब्द तयार होते. पण मी स्टूल ओढून बसले.

मग तेच बोलले, चेनकडे बघत. पोलिओच्या लेकराचा पाय वाढला की दर सहा महिन्यांनी नवा बूट लागायचा. बाप खांद्यावर घेऊन यायचा. बूट चढवला की ते लेकरू पट्ट्या वाजवत गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. काही तर पहिल्यांदाच चालत असायची. "टोकापासून वापस येतानी त्याहिचा चेहरा पाह्यचो मी," ते म्हणाले. "मंग पाय वाढायचा थांबते. चांगला बूट तीन वर्ष टिकते, पुढं शहरातून घेतात. काम चांगलं झालं म्हंजे मानूस पुन्हा येत नाई. माह्या कामाचं असंच हाय."

"कोनीच नाई आलं?"

"लगनाची पत्रिका यायची कोना कोनाची. पोस्टानं."

तन्वी अमरावतीला गेली. उडी मारली, उतरली, टाच जागची हलली नाही. निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं आहे. मोजे मी स्वतः तपासले. कोरडे होते.

माझी फसवणूक झाली ती झालीच, ती मी सोडलेली नाही. दुकान सात रविवार बंद राहिलं, आणि पुढचा जोड करायची वेळ येईल तेव्हा मी मिस्त्रींशी पुन्हा भावाला बसणार आहे. पण त्या दिवसापासून माझं डोकं दुसऱ्याच लोकांवर तापलेलं आहे. जी लेकरं त्या गल्लीत पहिलं पाऊल टाकून गेली, ती आता चाळिशी-पन्नाशीची असतील. कोणी कचेरीत असतील, कोणी शाळेत शिकवत असतील, कोणाची दुकानं माझ्या दुकानाच्या रांगेत असतील. एसटी स्टँडपासून ती गल्ली दहा मिनिटांवर आहे. तुम्हाला चालता येतं, ते कोणामुळे हे तुम्हाला माहीत आहे, आणि इतक्या वर्षांत तुमच्यातलं एकही माणूस तिथवर चालत गेलं नाही. का गेलं नाही? मला पत्रिका दाखवू नका. तोंडाने सांगा.