शून्यापासून मोजणारे परब

परब जिना चढताना पहिल्या पायरीला शून्य म्हणत. माझा विश्वास बसेना, म्हणून एकदा मुद्दाम त्यांच्या मागून चढलो. शून्य, एक, दोन... अगदी मनापासून मोजत होते.

आमची चाळ डिलाईल रोडची. परब शिवडीच्या गोदामात माल मोजायच्या कामावर होते. तिथे पोती एकामागे एक लावलेली. हवं ते पोतं काढायला पुढची किती हलवायची, तो त्याचा नंबर. सगळ्यात पुढच्या पोत्यासाठी काहीच हलवावं लागत नाही, म्हणून ते शून्य. गोदामात हे खपून जायचं, पण हा माणूस ते घरी घेऊन आला. नळावर पुढे उभ्या बाईला "तुझो नंबर शून्य" म्हणायचे आणि सकाळीसकाळी शिव्या खायचे.

मी एकदा शहाणपणा करायला गेलो. "आणि मागून मोजलं तर?"

"शेवटचो तो उलटो एक."

"उलटा शून्य का नाही?"

परबांनी माझी कीव केली. "शून्य फुडच्याक दिलंय मा? एक नंबर दोघांक कसो देतलंय?"

त्यांच्याकडे राहणाऱ्या पुतणीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा परबांनी कळवलं, "जिन्यापासून खोली नंबर चार." पाहुणे चार दारं मोजून थेट शेजारच्या शिर्क्यांकडे शिरले. पोहे खाल्ले आणि शिर्क्यांच्या सुनेला स्वयंपाक येतो का तेही विचारलं. पुतणीचं लग्न पुढे दुसरीकडे जमलं, ती सासरी गेली आणि खोलीत परब एकटे उरले.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. चाळीतून दहा जण मोर्चाला जायचे. कोण परत आलं हे बघायला परब यादी ठेवायचे. यादीत सगळ्यात वर माझं नाव, आणि पुढे शून्य! मी गावाहून आलेला, खाणावळीत जेवणारा, मुंबईत नात्याचं कोणी नाही. त्यात वर हे. मी भांडलो, पण परबांनी आकडा खोडला नाही.

एका मोर्चात लाठीमार झाला. पळापळीत माझा पाय मुरगळला आणि बोरीबंदरजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसून राहिलो. पायापेक्षा जास्त दुखत होतं ते वेगळंच. मी परतलो नाही हे कोणाच्या लक्षातही येणार नव्हतं.

आणि झालंही तसंच. चाळीत शिर्क्यांनी माणसं मोजली, नऊ. यादीतला शेवटचा आकडा पाहिला, नऊ. "सगळे आले," म्हणून ते चहाला गेले.

हे मला सांगितलं परबांनीच. मोर्चाच्या वाटेने शोधत शोधत, दिवस मावळायच्या आत ते घामाघूम होऊन माझ्यासमोर उभे होते, हातात यादी. "शून्य खंय आसा इचारलंय, तर शिर्को हसाक लागलो!"

"मलाच का शून्य दिलंत?"

"बाकीच्यांका घराकडे वाट बघणारी माणसा आसत. तुका कोण आसा? म्हणान तुझ्यापासून सुरवात."

मला रडू आवरेना. परबांनी माझा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही लंगडत निघालो.

"आणि तुम्ही कुठे अडकलात तर?" मी विचारलं.

परब थांबले. "माका मोजूक कोण नाय," म्हणाले. मग यादी खिशात ठेवत, "तू मोजशीत?"

त्या दिवसापासून कामावरून आलो की मी आधी परबांच्या खोलीत डोकावत असे, मग माझं कुलूप काढत असे.